बाई भिक्खुणी झाली की "काय झालं होतं हो तिला?" हाच प्रश्न का?

रानजाई
थेरीगाथा वाचते आहे, म्हणजे सुरुवातीच्या थेरींच्या (ज्येष्ठ बौद्ध भिक्खुणींच्या) गाथांचा संग्रह. मराठी अनुवाद समोर आणि अडलं की मूळ पाली, असं रमतगमत. ७३ गाथा, सव्वापाचशेच्या आसपास कडवी. एका बैठकीत संपवायचा ऐवज नाहीच तो.

पटाचारेची गोष्ट इथल्या बऱ्याच जणांनी ऐकली असेल. नवरा साप चावून गेला, एक मूल ससाण्यानं उचललं, दुसरं नदीत वाहून गेलं, माहेरी जावं तर वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊ एकाच चितेवर. भान हरपून फिरत फिरत ती बुद्धांसमोर येते आणि पुढे भिक्खुणी होते.

आता तिची स्वतःची गाथा बघा. पाच कडवी. त्यात यातलं काही म्हणजे काही नाही. ती म्हणते, लोक शेत नांगरतात, बी पेरतात, बायकामुलं पोसतात, धन मिळवतात. मी शील पाळते, शास्त्याचं (बुद्धांचं) सांगणं करते, आळशी नाही, उद्धट नाही, मग मलाच निर्वाण का मिळू नये? मग पाय धुताना पाणी उताराकडे जाताना बघते. दिवा घेऊन विहारात जाते, बिछाना बघते, मंचकावर बसते, सुईनं वात खाली ओढते. दिवा विझतो आणि चित्त सुटतं.

सापससाण्याची सगळी कहाणी नंतरच्या अट्ठकथेतली, म्हणजे गाथांवरच्या भाष्यातली. आणि आपल्या लक्षात राहिली ती कहाणीच!

माझं म्हणणं असं की दुःखामुळे घर सोडलं ही गोष्ट सगळ्यांना सोयीची जाते, कारण मग घरावर बोट येत नाही. पुरुषानं घर सोडलं की तो सत्याच्या शोधात निघाला. बाईनं सोडलं की तिचं काहीतरी बिनसलं होतं. तुम्हाला काय वाटतं? कुणाच्या ओळखीत भिक्खुणी असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा.

तिरकस
पहिला! आता वाचतो.

पाटीपेन्सिल
+१. शेवटचा परिच्छेद अगदी अगदी. आमच्याकडे तर मुलगी नुसती विपश्यनेला जाऊन आली तरी शेजारीण आईला बाजूला घेऊन विचारते, "सगळं ठीक आहे ना?"

जुनाखडू
धागा चांगला आहे, पण जरा दमानं घ्या. पटाचारेची गाथा तुम्ही सांगता तशीच आहे, मान्य. पण किसा गोतमीच्या गाथेत "वाटेत बाळंत झाले, नवरा मेलेला पाहिला, दोन्ही मुलं गेली, आई बाप भाऊ एका चितेवर जळत होते" हे गाथेतच आलंय, अट्ठकथेत नव्हे. आणि मजा म्हणजे ती हकीकत पटाचारेची आहे, किसा गोतमीच्या तोंडी. (मोहरीचे दाणे आणायला सांगण्याची गोष्ट मात्र अट्ठकथेतलीच.)

इसिदासी घ्या. उज्जैनची, श्रीमंत घरची. एका नवऱ्यानं टाकलं, दुसऱ्यानं टाकलं, तिसरा तर घरी आलेला भिक्षेकरी धरून जावई केला, तोही पंधरवड्यात आपलं फडकं नि भांडं परत मागून चालता झाला. हे सगळं ती स्वतः सांगते. म्हणजे दुःख होतंच. ते पुसून टाकून सगळ्यांना तत्त्वचिंतक करायचं हाही अन्यायच.

रानजाई
@जुनाखडू, दुःख नव्हतं असं मी म्हणत नाही. तेवढंच एक कारण सगळ्यांच्या गळ्यात का घालतात, हा प्रश्न आहे. त्याच संग्रहात शेवटी सुमेधा आहे. मंतावतीच्या कोंच राजाची मुलगी. लग्न ठरलंय, नवरदेव राजा दारात आलाय आणि ही आत केस कापून बसली आहे. हिचं काय बिनसलं होतं?

चष्मिष
आणि मुत्ता? तीन वाकड्या गोष्टींतून सुटले म्हणते. उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा.

तिरकस
वाचून झालं. मिक्सर आला, त्यामुळे पहिले दोन प्रश्न मिटले. तिसऱ्यासाठी अजून यंत्र निघालेलं नाही.

बोरुबहाद्दर
समस्त नवरेमंडळींतर्फे निषेध.

टिकलीवाली
निषेध नोंदवला. भांडी घासून झाली की पुढचं बोला.

बोरुबहाद्दर
हसून झालं असेल तर एक गंभीर शंका. हे सगळं वाचायला छान आहे, पण घरी लहान मूल असताना आई उठून गेली तर? मला ते पटत नाही. कितीही मोठं ध्येय असो. आधी जबाबदारी.

पाटीपेन्सिल
बुद्धांनी घर सोडलं तेव्हा त्यांचा राहुल केवढा होता हो?

बोरुबहाद्दर
तेही मला पटत नाही. दोन्हीकडे एकच माप लावतोय, बघा.

टिकलीवाली
हे ऐकून बरं वाटलं. बहुतेक लोक एकीकडेच लावतात.

जुनाखडू
@बोरुबहाद्दर, हा प्रश्न संघापुढेही आला होता. उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, देताना बाईला जे प्रश्न विचारतात त्यात कर्ज आहे का, वीस वर्षं पुरी झाली का, आईवडिलांची आणि नवऱ्याची परवानगी आहे का, पात्र नि चीवरं पुरी आहेत का, हे सगळं येतं. गरोदर बाईला किंवा अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला उपसंपदा देऊ नये असे भिक्खुणींच्या विनयात (संघाच्या नियमग्रंथात) वेगळे नियम आहेत.

कुमार कस्सपाच्या आईची गोष्टही वाचण्यासारखी आहे (ही परत अट्ठकथेतली, रानजाई रागावतील). ती घर सोडताना गरोदर होती आणि तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पोट दिसायला लागल्यावर देवदत्तानं चौकशी न करता हाकलून द्या म्हटलं. बुद्धांनी प्रकरण विनयाचा जाणकार भिक्खू उपाली याच्याकडे सोपवलं. उपालीनं विशाखा या उपासिकेला बोलावलं. विशाखेनं पडद्याआड तपासून दिवस मोजले आणि गर्भ घर सोडण्याआधीचा आहे असं सांगितलं. बाई निर्दोष ठरली, संघातच राहिली. मूल पसेनदी राजानं वाढवलं.

चष्मिष
नवऱ्याची परवानगी! पुरुषाला भिक्खू होताना बायकोची लागत होती का?

जुनाखडू
नाही. आईवडिलांची लागायची.

चष्मिष
बघा.

निळीपणती
आता आठ गरुधम्मांवर (भिक्खुणींना घातलेल्या आठ जड अटींवर) येणारच गाडी, म्हणून मीच आणते. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: महापजापती गोतमी, म्हणजे बुद्धांची मावशी, जिनं त्यांना अंगावर पाजून वाढवलं. तिनं कपिलवस्तूत तीनदा विचारलं, तीनदा नकार मिळाला. मग तिनं केस कापले, काषाय वस्त्रं घातली आणि शाक्य बायकांना घेऊन वैशालीपर्यंत चालत गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, दाराबाहेर रडत उभी. आनंदानं तिची बाजू मांडली. स्त्री अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होऊ शकते का, असं त्यानं थेट विचारलं. उत्तर आलं, होऊ शकते. मग परवानगी मिळाली, पण आठ अटींवर. पहिलीच अट अशी की शंभर वर्षं भिक्खुणी असलेल्या बाईनंसुद्धा आज दीक्षा घेतलेल्या भिक्खूला उठून वंदन करायचं.

पुढे महापजापतीनं आनंदाकरवी ही एक अट सैल करा अशी विनंती केली होती. नाकारली गेली. पण तिनं विचारलं, हे ग्रंथात नोंदलेलं आहे. मला ती बाई तिथं फार आवडते.

बोरुबहाद्दर
मग समता कुठे राहिली?

जुनाखडू
धर्मानंद कोसंबींनी यावर बोट ठेवलेलं आहे. विनयाची पद्धत अशी की आधी काहीतरी घडतं, तक्रार येते, मग नियम होतो. हे आठ मात्र काही घडण्याआधीच तयार! शिवाय त्यात उपसंपदा भिक्खू आणि भिक्खुणी अशा दोन्ही संघांकडून घ्यावी असं म्हटलंय, आणि दोन वर्षं सहा शिक्षापदं पाळणाऱ्या उमेदवार बाईचाही उल्लेख आहे. तेव्हा एकही भिक्खुणी नव्हती, तर दुसरा संघ कुठला? नंतरच्या भिक्खूंनी घातलेली भर असावी, हे मला पटतं.

बाबासाहेबांनीही १९५१ साली महाबोधी मासिकातल्या लेखात स्त्रियांबद्दलच्या या आक्षेपांचा समाचार घेतला होता. संघाचं दार उघडलं म्हणजे स्त्रीला ज्ञानाचा हक्क मिळाला, असा त्यांचा मुद्दा आहे.

तिरकस
"आधी घडतं मग नियम होतो" याचं एखादं उदाहरण द्या की गुरुजी. झोप येतेय.

जुनाखडू
घ्या. भिक्खुणींच्या पाचित्तिय (मोडले तर कबुली द्यायची अशा) नियमांतला पहिला नियम: लसूण खायचा नाही.

एका उपासकानं सांगितलेलं असतं की ज्या भिक्खुणीला लसूण लागेल तिनं न्यावा, प्रत्येकीला दोन-तीन गड्डे. एकदा घरातला संपतो. तो म्हणतो, शेतातून घ्या. थुल्लनंदा नावाची भिक्खुणी शेतात जाते आणि हात राखून घेणं तिला माहीतच नाही. भरमसाठ उपटून नेते. राखणदार बोंब मारतो. झाला नियम.

तिरकस
झोप उडाली. थुल्लनंदा माझी आवडती थेरी.

निळीपणती
ती सगळ्यांचीच आवडती असते. विनयात कितीतरी नियमांच्या मागे हीच. पण तेच ग्रंथ सांगतात की ती बहुश्रुत होती, धम्म सांगायला लागली की लोक ऐकत राहायचे. खुद्द पसेनदी राजा तिचं प्रवचन ऐकून खूश झाला, हवं ते माग म्हणाला. हिनं त्याच्या अंगावरची भारी लोकरीची शाल मागितली! त्यावरून आणखी एक नियम.

मला या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. रडणाऱ्या बायका आणि देवीसारख्या बायका यांच्या मधल्या बायका इथं दिसतात. लोभी, हुशार, भांडकुदळ.

रानजाई
@निळीपणती, हे मस्त. यावरून चंदा आठवली. ती गाथेत सरळ सांगते: विधवा होते, मूलबाळ नाही, मित्र नाही, नातलग नाही, अन्नवस्त्र मिळत नव्हतं. सात वर्षं भीक मागत फिरले. मग एक भिक्खुणी दिसली, तिला अन्नपाणी मिळताना पाहिलं, आणि म्हटलं मलाही घर सोडू द्या. पटाचारेनं तिला घेतलं.

बोरुबहाद्दर
म्हणजे पोटासाठी. हे तुमच्या मूळ मुद्द्याच्या विरुद्ध जातं.

रानजाई
जाऊ दे की. मी वकील नाही. आणि तिनं ते लपवलं नाही, यातच काय ते आलं.

कोकणवारा
थोडं वेगळं. ग्रंथ बाजूला ठेवून दगडाकडे या. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. तिथं एका दानलेखात पदुमनिका नावाच्या पब्बजितेनं (घर सोडून दीक्षा घेतलेल्या बाईनं) लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचं कोरलंय. ती स्वतःची ओळख कशी देते? पब्बजिता नागनिकेची मुलगी. म्हणजे आईही संघात. शिवाय दोन थेरांची भाची, आणि सोबत बोधी नावाची शिष्या. म्हणजे ओळख आईकडून आणि मामांकडून. बाप आणि नवरा यांचं नावच नाही.

आणि लेणं खोदायला पैसा लागतो. भिक्खुणीनं तो उभा केला, दान दिलं आणि आपलं नाव दगडात कोरून ठेवलं. कान्हेरीला, सांचीलाही भिक्खुणींची दानं आहेत, सांचीला तर पुष्कळ. "बिचारी" हा शब्द या बायकांना लागू पडत नाही.

चष्मिष
वा! कुड्याला जाऊन आले आहे पण हा लेख कुणी दाखवला नव्हता. टाकं बघून "पाणी हिरवं आहे" एवढंच बोलून पुढे गेलो.

पाटीपेन्सिल
एक प्रश्न. एवढं सगळं होतं तर मग आज थायलंडमध्ये भिक्खुणी नाहीत असं का म्हणतात?

निळीपणती
कारण परंपरा तुटली. अशोकाची मुलगी संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली, तिथं राणी अनुलेपासून भिक्खुणी संघ सुरू झाला. तिथल्याच भिक्खुणी इ. स. ४३३ च्या सुमारास चीनमध्ये नानजिंगला गेल्या आणि त्यांच्यामुळे चिनी बायकांना रीतसर उपसंपदा मिळाली. पुढे अकराव्या शतकात चोळांच्या स्वाऱ्यांनंतर श्रीलंकेतला संघ संपला. भिक्खूंचा संघही मोडकळीला आला होता, पण तो ब्रह्मदेशातून भिक्खू आणून परत उभा केला. बायकांसाठी आणायला बायकाच उरल्या नाहीत.

चीन, कोरिया, व्हिएतनाम, तैवान इथं परंपरा चालू राहिली. मग वाद असा की ती मंडळी वेगळ्या विनयाची, त्यांच्याकडून थेरवादी (श्रीलंका, थायलंड, म्यानमारकडच्या परंपरेतल्या) बाईनं उपसंपदा घेतली तर चालेल का? डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथला कोरियन संघाच्या मदतीनं दहा श्रीलंकी स्त्रियांना उपसंपदा मिळाली, १९९८ मध्ये बोधगयेला आणखी मोठा सोहळा झाला. श्रीलंकेत आता पुष्कळ भिक्खुणी आहेत. थायलंडमध्ये मात्र स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा संघराजाचा १९२८ चा हुकूम आहे. तिथल्या धम्मनंदा भिक्खुणी (आधी विद्यापीठात प्राध्यापक होत्या) २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेऊन आल्या. तिथल्या बहुतेक जणी पांढऱ्या वस्त्रातल्या मे ची, आठ शीलं पाळतात. म्यानमारमध्ये गुलाबी वस्त्रातल्या थिलाशिन.

तिबेटी परंपरेतही हाच पेच आहे. तरी २०१६ मध्ये मुंडगोडला वीस संन्यासिनींना गेशेमा पदवी मिळाली. सतरा-अठरा वर्षं तर्कशास्त्र घोकून, टाळी वाजवून वादविवाद करत मिळवायची पदवी आहे ती. "घरी काय झालं होतं?" हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नसावी.

तिरकस
टाळी वाजवून वाद? आमच्या संकुलाच्या सभेत सुचवतो.

सोनसळी
बरेच दिवस वाचनमात्र आहे, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. माझी सख्खी मावशी भिक्खुणी आहे. आम्ही आता आर्याजी म्हणतो, चुकून मावशी निघून जातं.

तिनं घर सोडलं तेव्हा नातेवाइकांनी एकच कारण धरलं: लग्न मोडलं म्हणून गेली. लग्न मोडलं होतं हे खरंच. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, लग्न मोडलं त्यामुळे वेळ मिळाला. मला पाली शिकायची होती. बाकी घरात मी शिकत बसले की कुणीतरी हाक मारायचंच, दळण आण, पाहुण्यांना पाणी दे. विहारात हाक मारतात ती वंदनेला.

बस. एवढंच कारण. मी काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीत बसले होते.

तिची पहिली भेट लक्षात आहे. आजीनं, म्हणजे तिच्या आईनं, तिला पंचांग वंदन केलं. गुडघे दुखत होते तरी खाली बसून, हात नि कपाळ टेकवून. मावशीनं परत नमस्कार करायचा नसतो, ती "सुखी होतु" म्हणाली. आजी उठता उठता घड्याळ बघत म्हणाली, "बारा वाजायच्या आत आलेय, डबा उघडा आधी." बारानंतर त्या जेवत नाहीत हे आजीनं पाठ करून ठेवलं होतं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. एका ठिकाणी वर्षावासात (पावसाळ्यातल्या मुक्कामात) भन्तेजींना, म्हणजे भिक्खूंना, स्वतंत्र खोली होती आणि आर्याजींना सभागृहात पडदा लावून जागा. दान भन्तेजींना जास्त, हे सगळीकडे दिसतं. आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या अर्जावर पतीचं किंवा वडिलांचं नाव लिहाच म्हणून खिडकीतला माणूस अडून बसला. तिनं शांतपणे आपल्या गुरुभगिनीचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात "संघ". त्यानं तीनदा वाचलं आणि शिक्का मारला.

कोकणवारा
@सोनसळी, नागनिकेच्या मुलीनं दगडात लिहिलं, तुमच्या मावशीनं अर्जावर. साधू साधू साधू.

टिकलीवाली
दळण आण, पाणी दे हे वाचून थांबले जरा. मी काही मुंडण करणार नाही, पण हाक मारल्यावर "येत नाही" म्हणायची प्रॅक्टिस आजपासून.

बोरुबहाद्दर
माझा आक्षेप लहान मुलांपुरताच होता आणि तो आहेच. बाकी सोनसळी, छान लिहिलंत.

जुनाखडू
रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. माझं मत थोडं सरकलंय, पूर्ण नाही. दुःख असतं, पण ते असलेल्या हजार बायका घरातच राहतात. दुःखानं घर सोडण्याचं स्पष्टीकरण होत नाही, कारण मग सगळ्याच गेल्या असत्या. सोडणाऱ्यांना पुढे काहीतरी दिसलेलं असतं. चंदेला जेवलेली भिक्खुणी दिसली, मावशींना पाली.

रानजाई
हे मी लिहायला हवं होतं. भद्दा कुंडलकेसा घालते यात. आधी निगंठांकडे (जैनांकडे) होती, केस उपटलेले, अंगावर चिखल, एक वस्त्र. नंतर भिक्खुणी झाली आणि अभिमानानं सांगते की अंग, मगध, वज्जी, काशी, कोसल या देशांत पन्नास वर्षं लोकांचं अन्न खाल्लं, पण कुणाच्या ऋणात राहिले नाही. यात कुठे रडगाणं आहे?

मधलीगल्ली
धागा वाचून लिहिते आहे. माझी धाकटी बहीण श्रामणेरी (सुरुवातीची दीक्षा घेतलेल्या बायकांच्या) शिबिराला गेली होती, आल्यापासून कायमचं जायचं म्हणते. घरी रडारड. सोनसळी, तुमच्या मावशींना विचाराल का, आम्ही तिला काय सांगावं?

सोनसळी
विचारलं. आधी म्हणाल्या, रडारड थांबवा, तिला उलट जोर येतो. मग म्हणाल्या: मुंडणाची घाई नको. घरी राहून अष्टशील पाळू दे. पुढचा वर्षावास भिक्खुणी असतील अशाच विहारात काढू दे, एकटी बाई भन्तेजींच्या विहारात नको. तिथल्या आर्याजींना तीन गोष्टी तोंडावर विचारायच्या: शिकवणार कोण, आजारपणात बघणार कोण, आणि उपसंपदा देणार कुठल्या संघाकडून. या तिन्हींचं नीट उत्तर मिळालं तर जाऊ द्या. नाही मिळालं तर दुसरं ठिकाण बघा, बहिणीला दोष देऊ नका.

आणि तिनं शिक्षणासाठी किंवा गाडीसाठी कर्ज काढलं असेल तर ते आधी फेडायला सांगा. तो प्रश्न खरंच विचारतात.

तिरकस
गृहकर्ज वीस वर्षांचं आहे. म्हणजे माझी सौ. तोवर कुठे जात नाही. निश्चिंत झालो.

टिकलीवाली
हप्ते कुणाच्या पगारातून जातात ते आधी बघा.